न सुटणारे कापड : नवी मुंबईतील मोटारींची आसने आणि डाग काढण्याची विद्या

कापडावरचा डाग काढण्याची जी विद्या या देशात शतकानुशतके वाढली, तिच्या मुळाशी एक गृहीत होते, आणि ते इतके स्वाभाविक होते की ते शब्दांत मांडण्याची गरज कोणालाच पडली नाही. मळलेले कापड अंगावरून, अंथरुणावरून किंवा बैठकीवरून काढून पाण्यापर्यंत नेता येते, हे ते गृहीत होय. नदीचा घाट, तळ्याची पायरी, विहिरीकाठची धोंड आणि परटाची भट्टी ही सारी त्यावरच उभी राहिली. मोटारीच्या आसनावर ताणून, शिवून आणि चिकटवून बसवलेल्या कापडाने हे गृहीत मोडले, कारण ते कापड घाटावर जात नाही. पाणी, खार आणि वारा यांनाच त्याच्याकडे यावे लागते. नवी मुंबईतील वाशी, नेरूळ, खारघर, कामोठे अशा वसाहतींतून आज आसने धुण्याचा जो व्यवसाय चालतो, तो या उलटापालटीतून जन्मला आहे. आणि त्यासाठी लागणाऱ्या द्रव्यांपैकी कित्येक ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात तयार झाली, तो पट्टा याच शहराच्या पोटात आहे.

जुन्या विद्येचा पाया किती पक्का होता, हे पाहिल्याशिवाय नव्या अडचणीचे मोल कळत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात रेशीम आणि लोकर यांसाठी ऊष म्हणजे खारी माती, शेळीच्या केसांच्या घोंगडीसाठी रिठा, अंशुपट्ट नावाच्या तलम वस्त्रासाठी बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्रासाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. त्या प्रकरणाचा रोख धार्मिक शुद्धीवर असला, तरी धाग्याची जात बदलली की धुण्याचे द्रव्यही बदलावे लागते ही व्यावहारिक जाण त्यात स्पष्ट दिसते, आणि आजचा आसने धुणारा कारागीर कापडाचा कोपरा आधी चाचपून पाहतो तेव्हा तो हीच जाण वापरत असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रजकाने म्हणजे धोब्याने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावेत, इतरत्र धुतल्यास कापडाची नुकसानभरपाई आणि ६ पण (त्या काळचे नाणे) दंड द्यावा, असा नियम आहे. मुद्गराची, म्हणजे धोब्याच्या स्वतःच्या कपड्यांवरील सोट्याची, खूण नसलेले वस्त्र धोब्याने अंगावर घातल्यास ३ पण दंड सांगितला आहे. गिऱ्हाइकाचे कपडे धोबी स्वतः वापरतो ही तक्रार त्या काळीही होती, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

महाराष्ट्रात हे काम परीट समाजाकडे होते. सज्जीखार किंवा धुण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्यात कपडे भिजवून ते भट्टीत वाफवणे, दगडावर आपटून मळ सोडवणे, उन्हात पसरून पांढरे करणे, निळीच्या पाण्यातून काढणे आणि भाताची खळ देणे, असा त्याचा क्रम असे. तेलकट मळ अल्काच्या संयोगाने अंशतः साबणात बदलतो आणि पाण्यात सुटतो, हे भट्टीचे रहस्य होय. अल्क म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, स्पर्शाला बुळबुळीत लागणारे द्रव्य. मुंबईत या व्यवसायाचे नाव एका वस्तीलाच लागले. ज्या तळ्यावर धोबी कपडे धूत, ते तळे बुजले, पण धोबीतलाव हे नाव टिकले. महालक्ष्मी स्थानकाजवळचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, आणि तो आजही चालतो.

याच परटाच्या हाती डाग काढण्याबरोबर डाग पाडण्याचीही एक कला होती. कोणाचा कपडा कोणाचा हे ओळखण्यासाठी तो बिब्ब्याच्या रसाने कापडाच्या कोपऱ्यावर खूण करी, आणि चुन्याच्या संयोगाने ती इतकी घट्ट बसे की भट्टीतल्या खारालाही दाद देत नसे. इंग्रजीत बिब्ब्याच्या फळाचे नावच या खुणेवरून पडले आहे. डाग आणि रंग यांत रसायनाच्या दृष्टीने भेद नाही, भेद फक्त इच्छेचा आहे, ही गोष्ट त्या बिब्ब्याच्या ठिपक्याइतकी नेमकेपणाने दुसऱ्या कशातून क्वचितच दिसते. आणि पुढे हळद व कात यांचा विचार करताना तिचा उपयोग होईल.

आता बसण्याच्या वस्तूंकडे वळावे. मराठी घरातील पारंपरिक बैठक म्हणजे जाजम, गादी, लोड आणि तक्के. यांतील प्रत्येक वस्तूला निघणारे आवरण असे: गादीला खोळ, खोळीवर चादर, लोडाला आणि उशीला अभ्रा. डाग पडला तर तो आवरणावर पडे, आवरण परटाकडे जाई, आणि आतला कापूस मळला किंवा गठळला तर पिंजारी येई. त्याच्या धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर कापूस मोकळा होई, उन्हात पडे, आणि धुतलेल्या खोळीत पुन्हा भरला जाई. म्हणजे गादी ही मुळात उसवण्यासाठी शिवलेली वस्तू होती, आणि तिच्या स्वच्छतेचे सारे शहाणपण त्या उसवण्यातच होते. आज ज्या जमिनीवर नवी मुंबई उभी आहे, त्या खाडीकाठच्या आगरी आणि कोळी गावांत तर चटई, खाट आणि गोधडी एवढेच बसण्या-निजण्याचे साहित्य होते. गोधडी कितीही जड झाली तरी ती तळ्यावर नेऊन तुडवून धुता येई.

खिळ्यांनी ठोकलेले कापड मराठी घरात आले ते युरोपीय पद्धतीच्या खुर्च्या आणि कोच यांच्याबरोबर, आणि त्याच्यामागोमाग डागाची नवी चिंताही आली. खुद्द इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात केसांना मकासर तेल लावण्याची रीत होती, आणि त्या तेलाचे डाग खुर्चीच्या पाठीवर पडू नयेत म्हणून तेथे विणकामाची छोटी वस्त्रे घालत. त्या वस्त्रांच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी मकासरविरोधी असा होतो. खोबरेल तेलाच्या देशात ही युक्ती न रुजती तरच नवल. मध्यमवर्गीय दिवाणखान्यातल्या सोफ्यावरची क्रोशाची जाळी आणि सरकारी कचेरीतील साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर घातलेला पांढरा टॉवेल ही दोन्ही त्याच कुळातली म्हणावी लागतील. कचेरीतला टॉवेल पुढे अधिकाराचे चिन्ह झाला हा भाग वेगळा. पण त्याचे मूळ काम तेल आणि घाम झेलण्याचे, आणि आठवड्याने धुण्यास जाण्याचे. ज्या सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या सोलापूरच्या मागांवर निघणाऱ्या टॉवेलांना अशा खुर्च्यांनीही गिऱ्हाईक दिले. खोळ गेली, पण खोळीचा विचार गेला नाही, एवढे येथे लक्षात ठेवावे.

मोटारीच्या बाबतीत प्रारंभीची काही दशके हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. आरंभीच्या मोटारींत घोडागाडीच्या परंपरेने चामड्याच्या गाद्या असत, आणि त्यांत घोड्याचे केस किंवा नारळाचा काथ्या भरलेला असे. पुढे चामड्याची जागा रेक्झीनने घेतली. रेक्झीन हे मुळात इंग्लंडमधील एका व्यापारी मालाचे नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन केलेले ते कृत्रिम चामडे होते, परंतु नंतर पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडालाही मराठीत रेक्झीनच म्हणू लागले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून जी फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली, आणि जिने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून काही दशके शहर वाहिले, तिच्या लांब बाकासारख्या आसनांवर बहुधा हेच रेक्झीन असे. त्यावर सांडलेला चहा आत मुरत नाही. ओले फडके फिरवले की काम भागते. त्या काळच्या टॅक्सीचालकाला डाग काढण्याचे शास्त्र लागत नव्हते, फाटलेल्या जागी ठिगळ लावणारा कुशनवाला लागत होता. रेक्झीनचा दोष वेगळाच होता: उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते चटके देई, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत पाठीला चिकटे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्यामागून जपानी धाटणीच्या मोटारींचा काळ सुरू झाला. रेक्झीनच्या जागी विणलेले कापड प्रथम महागड्या आवृत्त्यांत आणि १९९० नंतरच्या दशकात सर्रास दिसू लागले. नवी मुंबईच्या वाढीचाही काळ नेमका हाच. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना झाली, ९५ गावांची जमीन या योजनेत आली, आणि १९७३ च्या सुमारास वाशीचा खाडीपूल खुला झाला. लोकांनी सार्वजनिक वाहनाने फिरावे अशी आखणी असली, तरी लोकल गाडी वाशीला पोहोचायला १९९२ चा मे महिना उजाडला, आणि तोवर रुंद रस्ते, मोकळे वाहनतळ व दूरदूरच्या वसाहती यांनी दुचाकीला आणि मोटारीला आपापली जागा करून दिली होती. ज्या पिढीने या शहरात पहिले घर घेतले, तिनेच बहुधा पहिली मोटारही घेतली, आणि तिच्या आसनावर कापड होते.

हे कापड साध्या कापडासारखे नाही. वरचा थर पॉलिएस्टरच्या धाग्याचा असतो, त्याच्या पाठीला पातळ फोम चिकटवलेला असतो, आणि त्याखाली जाड पॉलियुरेथेन फोमची उशी लोखंडी सांगाड्यावर बसवलेली असते. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी फारसे पीत नाही, आणि म्हणून त्यावरचा डाग सोपा वाटतो. पण धाग्यांमधल्या फटींतून द्रव खाली झिरपतो आणि फोम तो स्पंजासारखा धरून ठेवतो. कोणी भरपूर साबण आणि पाणी ओतून वरचा डाग घासला, तर कापड तात्पुरते स्वच्छ दिसते, मात्र वाळताना बाष्पीभवन वरच्या पृष्ठभागावरून होत असल्याने फोममधील पाणी मळासह वर चढते आणि दोन दिवसांनी डाग पुन्हा हजर होतो, बहुधा भोवती तपकिरी कड घेऊन. दिव्याच्या वातीतून तेल चढते तीच ही क्रिया असून तिला केशाकर्षण म्हणतात. परटाच्या शिळेवर ही अडचण नव्हती, कारण तेथे सुटलेला मळ वाहत्या पाण्याबरोबर निघून जाई. म्हणून न सुटणाऱ्या कापडाच्या धुलाईत मळ सोडवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व, सुटलेला मळ उचलून नेण्याला आले.

हे उचलून नेण्याचे यंत्र मुळात खुर्चीच्या गादीवरच सुचले, ही गोष्ट या इतिहासात फारच समर्पक आहे. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र पाहिले, आणि धूळ फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये असा प्रश्न त्याच्या मनात आला. एका उपाहारगृहात बसला असताना त्याने खुर्चीच्या मखमली गादीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून जोराने श्वास ओढला, आणि धुळीने घुसमटला. रुमालाच्या खालच्या बाजूला जमलेला काळा ठसा पाहून त्याची खात्री पटली. १९०१ साली त्याने निर्वात ओढणीच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवर ठेवून घरासमोर आणावे लागे आणि नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. भारतीय शहरी घराला हे यंत्र ओळखीचे झाले ते १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे. पाणी फवारून लगेच ओढून घेणारी यंत्रे बूथच्या यंत्राच्या नंतरची. आसने धुणाऱ्याच्या बोलीत या सगळ्याला मिळून 'व्हॅक्यूम मारणे' एवढाच शब्द आहे.

मळ सोडवणाऱ्या द्रव्यांची कथा मात्र थेट नवी मुंबईच्या जमिनीवर घडली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, पुढे ज्या ठिकाणी ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही नावे रेल्वे स्थानकांवर लागली, तेथे रसायनांचे कारखाने उभे राहिले. मफतलाल आणि शेल यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या नोसिल या कंपनीचा नाफ्था भंजन प्रकल्प १९६८ साली सुरू झाला. नाफ्था हा खनिज तेलाचा हलका अंश. तो अतिशय तापवून त्याचे रेणू तोडले की इथिलिनसारखे वायू मिळतात, आणि इथिलिनपासून एकीकडे पीव्हीसी, म्हणजे टॅक्सीच्या रेक्झीनचा लेप, तर दुसरीकडे इथिलिन ऑक्साइड तयार होते. हे इथिलिन ऑक्साइड कमी फेस देणाऱ्या अनेक आधुनिक पृष्ठक्रियाकारकांचे मूळ द्रव्य आहे. पृष्ठक्रियाकारक म्हणजे ज्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला चिकटते असे द्रव्य. साबण आणि रिठ्यातील सॅपोनिन ही त्याची जुनी रूपे होत. घणसोलीच्या परिसरात स्टँडर्ड अल्कलीचा कारखाना मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढी. पहिल्याचा उपयोग साबणाला, दुसऱ्याचा विरंजनाला. हर्डिलिया केमिकल्समध्ये फिनॉल आणि त्याच क्रियेत निघणारे ॲसिटोन तयार होई, आणि नेलपॉलिशचा डाग ॲसिटोननेच सुटतो. ठाण्यात टेरीन या नावाने पॉलिएस्टरचा धागा निघत होता, आणि कल्याणजवळ नॅशनल पेरॉक्साइड ही १९५४ साली स्थापन झालेली कंपनी हायड्रोजन पेरॉक्साइड करत होती, ज्याच्या सौम्य द्रावणाने कॉफीचा आणि रक्ताचा उरलासुरला ठसा विरतो.

या कारखान्यांचा माल सरळ आसने धुणाऱ्याच्या बादलीत पडत होता असे समजण्याचे कारण नाही. तो देशभर जाई आणि अनेक हातांतून रूप बदलून परत येई. तरीही एकाच खाडीकाठी वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत कापड, त्यावरचा लेप, त्याला सोडवणारे द्रावक आणि त्याला पांढरे करणारे विरंजक ही सर्व तयार होत होती, हे चित्र दुर्मीळच म्हणावे लागेल. त्या पट्ट्यातील पुष्कळशा भूखंडांवर आता माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आहेत, आणि तेथील कर्मचाऱ्यांना रात्री-अपरात्री ने-आण करणाऱ्या कंपनी-टॅक्सींची आसने हा धुलाई व्यवसायाचा एक मोठा आधार झाला आहे. रसायनांची परंपरा पूर्ण तुटलेली नाही: पृष्ठक्रियाकारकांच्या उत्पादनात देशात अग्रगण्य असलेल्या गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय पावणे येथे असून तिचा एक कारखाना तळोजा येथे आहे, आणि तळोज्यालाच दीपक फर्टिलायझर्सच्या कारखान्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल हे द्रावक तयार होते.

व्यवसायाच्या बोलीतील एक शब्द येथे तपासून पाहण्याजोगा आहे. मोटारीच्या आसनांच्या धुलाईला नवी मुंबईत सर्रास 'ड्रायक्लीन' म्हणतात, वास्तविक तिच्यात पाणी वापरलेले असतेच. मूळ ड्रायक्लीनिंग म्हणजे पाण्याऐवजी टर्पेंटाइन, पेट्रोल यांसारख्या द्रावकात कापड बुडवणे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये जॉली नावाच्या रंगाऱ्याला दिव्याचे तेल सांडल्याने ही पद्धत सुचली असे परंपरेने सांगितले जाते. विसाव्या शतकात कार्बन टेट्राक्लोराइड हे न पेटणारे द्रावक डाग काढण्यासाठी घरोघर वापरले गेले, आणि ते यकृताला घातक असल्याचे पुढे ध्यानात आले. ओझोनच्या थराला त्याचा अपाय होत असल्याने माँट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून विकसनशील देशांत त्याचा असा वापर बंद झाला. काचा बंद केलेल्या मोटारीच्या पोकळीत असल्या द्रावकाची वाफ कोंडली तर काय होईल, हे सांगायला नको. आसनांच्या 'ड्रायक्लीन'मध्ये कोरडे असते ते एवढेच की शॅम्पू पाण्यात घुसळून फक्त त्याचा फेस कापडावर पसरतात, मऊ ब्रशाने फिरवतात, आणि फोमपर्यंत ओल पोहोचण्याआधी तो ओढून किंवा टिपून घेतात. शब्द चुकीचा आहे, परंतु पाणी कमी वापरण्याचा त्यातला हेतू बरोबर आहे.

डागांचा विचार प्रदेशाप्रमाणे करावा लागतो, आणि या बाबतीत परदेशी बाटल्यांवरच्या सूचना फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्या कॉफी, वाइन आणि चॉकलेट यांना समोर ठेवून लिहिलेल्या असतात. नवी मुंबईच्या आसनांवरचा सर्वांत हट्टी डाग हळदीचा. आगरी समाजात लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद हा गावभराचा सोहळा असतो, आणि हळद लागलेली वऱ्हाडी मंडळी मोटारीत बसूनच घरी जातात. डब्यातून सांडलेल्या रश्श्याचा प्रश्न तर बारमाही आहे. हळदीतील करक्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि अल्क लागताच पिवळ्याचे तांबूस होते. साबण लावताच डाग लाल झाला म्हणून पुष्कळांचा धीर सुटतो. प्रत्यक्षात तो वाढलेला नसतो, फक्त रंग पालटलेला असतो, आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागले की पुन्हा पिवळा होतो; हळद आणि चुना यांतून कुंकू तयार करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. करक्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते टिपून घ्यावे लागते. आणि प्रकाशात त्याचे विघटन होते, म्हणून उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडावा. परटाने हळदीचे धोतर उन्हात पसरले तेव्हा तो हेच करत होता. मोटारीच्या बाबतीत गाडीच उन्हाकडे तोंड करून, दार उघडे ठेवून उभी करावी लागते.

दुसरा डाग पानाचा. त्यातला लाल रंग मुख्यतः कात आणि चुना यांच्या संयोगातून येतो. कात हा खैराच्या गाभ्याचा उकळून काढलेला अर्क असून त्यात टॅनिन वर्गाची द्रव्ये भरपूर असतात. रायगड जिल्ह्यातील कातकरी जमातीचे नाव कात काढण्याच्या व्यवसायावरूनच पडले, आणि कातासारखे टॅनिनयुक्त अर्क जाळी व शिडे टिकावीत म्हणून रंगवण्यासाठी दर्यावर्दी लोक जगभर वापरत आले आहेत. म्हणजे जे द्रव्य समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही सुटू नये म्हणून निवडले गेले, ते आसनावर सांडल्यावर सुटावे अशी अपेक्षा येथे असते. चहा आणि कोकम यांचे डागही कमी-अधिक प्रमाणात याच जातीचे. त्यांना अल्क लावला तर ते गडद होतात, सौम्य आम्लाने आणि नंतर पेरॉक्साइडने उतरतात. मासळीच्या पिशवीतून ठिबकलेल्या रक्तमिश्रित पाण्याचा नियम याहून वेगळा: त्याला गरम पाणी कधीही लावू नये, कारण उष्णतेने प्रथिन थिजून धाग्याला चिकटते. थंड पाणी आणि विकर, म्हणजे प्रथिनाचे तुकडे करणारे जैविक द्रव्य, हा त्यावरचा उपाय. जर्मनीत ऑटो रोम याने १९१३ साली असे विकर धुलाईच्या भुकटीत प्रथम घातले. कोकणच्या तांबड्या मातीचा डाग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणून तो ओला असताना चोळणे ही चूक ठरते. तो पूर्ण वाळू द्यावा, झटकावा, ओढून घ्यावा, आणि मगच ओले फडके हाती घ्यावे.

पाऊस हा या सगळ्यावरचा मोठा अंमलदार. वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या शहरात जून ते सप्टेंबर फोम नीट वाळत नाही, आणि न वाळलेल्या फोममध्ये बुरशी धरते. तिचे करडे ठिपके आणि कुबट वास हा डागांचा स्वतंत्र वर्ग मानावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि मुंबईसह आजूबाजूच्या शहरांत असंख्य मोटारी चिखलाच्या पाण्यात बुडाल्या. आसनापर्यंत बुडालेल्या गाडीत फेस आणि ब्रश यांचा उपयोग नसतो. आसने बोल्ट काढून बाहेर घ्यावी लागतात, कापड सांगाड्यावरून सोडवावे लागते, फोम पिळून उन्हात ठेवावा लागतो. त्या वर्षी कारागिरांना जे करावे लागले, ते थेट पिंजाऱ्याचे काम होते: उसवणे, वाळवणे आणि पुन्हा भरणे.

एरवी मात्र गिऱ्हाइकाने आपला उपाय आधीच शोधून ठेवलेला असतो. नवी मोटार घरी आली की तिच्या आसनांवरचे कारखान्यातले पातळ प्लास्टिक महिनोन् महिने न काढण्याची रीत आहे, आणि ते फाटल्यावर सीटकव्हर बसवणाऱ्याकडे जाऊन मूळ कापडावर कृत्रिम चामड्याचे आवरण चढवले जाते. उन्हात रेक्झीन तापते म्हणून ज्या कापडाचे स्वागत झाले, ते कापड पुन्हा रेक्झीनच्या भावंडाखाली झाकण्यात एक विसंगती आहे खरी. पण कापडावर कापड घालून वरचे तेवढे धुण्यास काढणाऱ्या समाजाला ती खटकत नाही. परदेशी निरीक्षकाला यात काटकसर दिसते, वास्तविक ती खोळच आहे. धुण्याचा व्यवसाय आणि झाकण्याचा व्यवसाय यामुळे बहुधा शेजारी-शेजारी चालतात, आणि वर्षानुवर्षे झाकलेले मूळ कापड गाडी विकण्याच्या वेळी कव्हर काढून, व्हॅक्यूम मारून, नव्यासारखे म्हणून दाखवले जाते.

या खोळीलाही अलीकडे एक नवा अडथळा आला आहे. अपघातात बरगड्यांचे रक्षण करणारी बाजूची एअरबॅग पुष्कळ नव्या मोटारींत आसनाच्या पाठीतच बसवलेली असते, आणि ती क्षणार्धात शिवण फाडून बाहेर येते. वरून घट्ट आवरण घातले तर तिचा मार्ग अडतो. म्हणून अशा आसनांवर साधे कव्हर घालू नये अशी सूचना मोटारीच्या पुस्तिकेत असते, आणि घालायचेच असेल तर त्या जागी कच्च्या दोऱ्याची, सहज उसवणारी शिवण मागून घ्यावी लागते.